ऊन न येणाऱ्या खोलीतली पाण्याखालची बाग: संथ वाढणाऱ्या झाडांची पहिली टाकी लावताना

आमच्या बैठकीच्या खोलीला एकच खिडकी आहे, तीही उत्तरेला, आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. मनीप्लांट सोडून कुंडीतलं काहीच तिथे टिकलं नाही. त्याच खोलीत गेली सहा वर्षं दोन फुटी टाकी आहे. तिच्यात काळ्या दगडाला धरून बसलेलं अ‍ॅनुबियास आहे, लाकडावर पसरलेलं जावा फर्न आहे, पुढच्या बाजूला क्रिप्टोकोराइनचा दाट ताटवा आहे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, महागडा दिवा नाही.

पहिल्या वर्षी मात्र मी तीनदा झाडं आणली आणि तिन्ही वेळा गमावली. पहिल्या खेपेला अ‍ॅनुबियास वाळूत खोल रोवलं, ते महिन्याभरात कुजलं. दुसऱ्या खेपेला दिवा दिवसाचे अकरा तास चालू ठेवला, सगळ्या पानांवर काळं शेवाळ चढलं. तिसऱ्या खेपेला क्रिप्टची पानं दुसऱ्याच आठवड्यात विरघळायला लागली, म्हणून मी ती उपटून टाकून दिली. ती मेलेली नव्हती, मुळं जिवंत होती, हे मला पुढे कळलं. त्याचं वाईट अजून वाटतं. ही झाडं तशी काटक आहेत, पण आपल्या घाईचा त्यांना फार त्रास होतो. तुमची झाडं पहिल्याच खेपेला जगावीत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे जमवा

- दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी. हिच्यात साधारण ७० लिटर पाणी मावतं. याहून लहान टाकी नवख्याला अवघड जाते, कारण थोड्या पाण्यात बिघाड फार लवकर होतो.
- स्पंजचा किंवा टाकीच्या काठावर टांगायचा फिल्टर
- १२ ते १५ वॉटचा पांढरा एलईडी दिवा आणि प्लगला लावायचा टायमर
- २ ते ४ मिलिमीटर दाण्याची वाळू, दोन इंच थर होईल एवढी
- दोन-तीन दगड, एखादं टाकीत चालणारं लाकूड
- क्लोरीन घालवणारं औषध (दुकानात 'अँटिक्लोरीन' म्हणून मागा)
- अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं थेंबांचं किट
- काळा सुती दोरा, फेविक्विकसारख्या गोंदाचं जाडसर जेल, लांब चिमटा, कात्री, जुना मऊ टूथब्रश
- थर्मामीटर, पाणी काढायची नळी आणि फक्त टाकीसाठीच वापरायची बादली

टायमरचे पैसे वाचवू नका, एवढं आत्ताच सांगते. दिवा आठवणीने बंद करू असं आपण ठरवतो आणि एक दिवस लग्नाला जातो.

१. कोणती झाडं घ्यायची

सुरुवात तीन जातींनी करा, फार तर चार.

*अ‍ॅनुबियास* मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं. ओढ्यांच्या काठाला, झाडांच्या सावलीत, दगडांना आणि ओंडक्यांना धरून वाढतं. पान जाड, चामड्यासारखं, गडद हिरवं. दुकानात 'नाना' नावाने मिळतं ती याची बुटकी जात. लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे ठेंगणी. हिचंच अजून छोटं रूप 'पेटिट'. कमी प्रकाशात नवं पान यायला तीन-चार आठवडे सहज लागतात, पण आलेलं पान वर्षानुवर्षं टिकतं.

*जावा फर्न* हा आग्नेय आशियातला नेचा. साधा घ्या, अरुंद पानांचा घ्या किंवा टोकाला झालर असलेला 'विंडेलोव' घ्या, सांभाळायची रीत एकच. जुन्या पानाच्या मागे काळपट ठिपके रांगेने दिसतात. तो रोग नव्हे, ती बीजाणूंची जागा आहे. कधी पानाच्या टोकालाच इवलं रोप फुटतं, त्याला स्वतःची मुळंही असतात.

*क्रिप्टोकोराइन*, हौशी लोकांच्या बोलीत नुसतं 'क्रिप्ट'. दुकानात मिळणाऱ्या वेंडटाय आणि बेकेटाय या जाती श्रीलंकेतल्या. हे झाड मुळांनी जेवतं, म्हणून याला वाळूतच जागा द्यायची. आपल्या कोकणातल्या नद्यांतही क्रिप्टच्या जाती आहेत, स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस. त्या दिसल्या तर बघा, फोटो काढा, पण उपटून आणू नका. त्यांची वाढ पावसाळ्यातला पूर आणि उन्हाळ्यातलं ओसरलेलं पात्र यांच्या तालावर चालते, तो ताल टाकीत सांभाळणं अवघड आहे. शिवाय नदीकाठ आधीच कमी होत चालले आहेत.

चौथं हवं असेल तर *जावा मॉस*. आपण शेवाळ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो, त्यातून गोंधळ होतो. मॉस ही खरी वनस्पती आहे, तिला बारीक पानं असतात आणि ती आपण हौसेने लावतो. काचेवर चढणारं हिरवं-काळं शेवाळ ही वेगळीच गोष्ट आणि ते नको असतं. पुढे जिथे 'शेवाळ' लिहिलंय तिथे हे दुसरं समजा.

बोर्निओतलं *बुसेफॅलँड्रा* फार देखणं असतं, पानावर निळसर झाक, बारीक पांढरे ठिपके. पण ते महाग आहे आणि अ‍ॅनुबियासहूनही संथ. पहिल्या वर्षी थांबा. पुढे घ्याल तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेलं, बंद डबीतलं टिश्यू कल्चरचं रोप मागा. बोर्निओच्या ओढ्यांतून खरवडून आणलेलं घ्यायला नको.

एक गंमत सांगते. अ‍ॅनुबियास, क्रिप्ट आणि बुसेफॅलँड्रा ही तिन्ही आपल्या अळूच्या कुळातली. अ‍ॅनुबियासला फूल आलं की ते लगेच कळतं: कोकणात पहिल्या पावसात शेवळं निघतात ना, तसाच मधला दांडा आणि त्याला वेढणारं पांढुरकं पान, फक्त बोटाच्या पेराएवढं. कुळाबरोबर खाजही आली. छाटणी करताना रस हाताला लागला तर अळू चिरल्यावर होतं तसं होऊ शकतं. हात लगेच धुवा, तोंडात काही घालू नका आणि लहान मुलांना पानं चावू देऊ नका.

२. दुकानात फसू नका

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा तुमच्या गावातल्या मत्स्यालयाच्या दुकानात गेलात, की पाण्यात बुडवून ठेवलेली लाल-गुलाबी, पांढऱ्या पट्ट्यांची झाडं पहिल्यांदा डोळ्यांत भरतात. त्यातली कित्येक जमिनीवरची असतात. लकी बांबू, ड्रॅसिना, सिंगोनियम, पीस लिली, मोंडो गवत ही नेहमीची. पूर्ण पाण्याखाली ती काही आठवडे, कधी दोन-तीन महिने ताजी दिसतात. त्या दिवसांत ती आपल्या साठ्यावर जगत असतात. मग देठापासून कुजायला लागतात आणि पाणी नासतं. मला पहिल्या खेपेला मिळालेल्या तीन जुड्यांपैकी दोन अशाच होत्या आणि 'ही पाण्यातलीच आहेत' असं मला ठासून सांगितलं होतं. म्हणून नाव विचारा, मोबाइलवर शोधा आणि मगच पैसे द्या. पाण्यातून बाहेर काढल्यावर झाड काठीसारखं ताठ उभं राहत असेल, तर सावध व्हा. अ‍ॅनुबियास तेवढं याला अपवाद, ते पाण्याबाहेरही ताठच राहतं.

अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न घेताना आधी आडवं खोड बघा. हळकुंडासारखं हे खोड, याच्यातूनच वर पानं आणि खाली मुळं फुटतात. झाडाचा जीव त्यात असतो. बोटाने हलकेच दाबा. कच्च्या आल्यासारखं टणक लागलं तर घ्या. मऊ लागलं, किंवा नाकाशी नेल्यावर सडका वास आला, तर सोडून द्या, मग पानं वरून कितीही टवटवीत असोत. कुज खोडात आधी लागते, पानांवर ती फार उशिरा दिसते.

घरी आणल्यावर झाड कुंडीतून काढा आणि मुळांतला लोकरीसारखा कापूस सोडवा. हे काम किचकट आहे, वेळ काढून करा. मग पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून साध्या पाण्याने दोनदा धुवा. गोगलगाईंची अंडी जेलीच्या थेंबासारखी पानामागे चिकटलेली असतात, ती नखाने काढा. मॉसला हा गुलाबी डोस देऊ नका, ती नाजूक असते. ती नुसती वाहत्या पाण्यात खळबळून घ्या.

३. टाकीची जागा, वाळू, दगड, लाकूड

टाकी खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा. स्टँड सरळ आहे का ते लेव्हलने तपासा आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा घाला. पाणी, वाळू, दगड मिळून वजन नव्वद-शंभर किलोपर्यंत जातं, त्यामुळे भरल्यावर हलवणं विसराच.

वाळू रंगीत नको. साधी नदीची वाळू चाळून, बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. आठ-दहा पाणी लागतात. मागच्या बाजूला थर जाड ठेवा, पुढे पातळ.

दगडासाठी आपण भाग्यवान आहोत. महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे आणि हा दगड पाण्यात काही सोडत नाही. अ‍ॅनुबियासच्या हिरव्याशेजारी तो दिसतोही सुंदर. तरी प्रत्येक दगड तपासून घ्या. मी एकदा सिंहगडाच्या बाजूने येताना रस्त्याकडेचा एक छिद्रांचा दगड उचलून आणला होता. छिद्रांत पांढरे खडे होते, मला ते फार आवडले. घरी त्यावर लिंबू पिळलं तर काळ्या भागावर काहीच झालं नाही, पांढऱ्यावर मात्र बारीक फेस आला आणि कानाशी नेल्यावर सुर्र ऐकू आलं. तो कॅल्साइट होता. बेसॉल्टच्या पोकळ्यांत तो सापडतो आणि हळूहळू विरघळून पाणी जड करतो. म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर पांढऱ्या भागावरच टाकून बघा. फेस आला तर तो दगड कुंडीत ठेवा. संगमरवर आणि शंखशिंपलेही या टाकीत नकोत.

लाकूड तासभर उकळा, मग आठवडाभर बादलीत बुडवून रोज पाणी बदला. पाणी चहासारखं होतं, त्याने अपाय नाही. टाकीत ठेवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यावर पांढरा, बुळबुळीत बुरशीसारखा थर येतो. तो आपोआप जातो, फार वाटलं तर ब्रशने काढा.

४. पाणी

धरणाचं नळाचं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरचं जड. नळाला पांढरे थर धरत असतील आणि डाळ शिजायला वेळ लागत असेल, तर तुमचं पाणी जड आहे. अ‍ॅनुबियास, जावा फर्न आणि वेंडटाय दोन्ही चालवून घेतात. सोसायटीत मऊपणा आणणारं यंत्र बसवलेलं असेल तर मात्र त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. ते यंत्र पाण्यात सोडियम सोडतं, झाडांना ते नको असतं. आरओचं पाणी एकटं वापरू नका, त्यात क्षार उरलेले नसतात.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला बाटलीवर लिहिलेल्या मापाने अँटिक्लोरीन घाला.

पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, म्हणजे मासे सोडायची वेळ झाली असं नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांच्यापासून अमोनिया होतो. तो विषारी. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं असलं तर चालतं आणि झाडं ते खातात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. झाडं पहिल्या दिवसापासून लावा. मासे मात्र, चिमूटभर खाद्य टाकूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला लागतील तेव्हाच.

इथे आपल्या झाडांची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. संथ झाड खातं कमी. नव्या टाकीतलं जास्तीचं अन्न ते उचलत नाही आणि मग ते शेवाळाला मिळतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने सोबत एखादं भराभर वाढणारं झाड ठेवा. हॉर्नवर्टच्या दोन काड्या नुसत्या तरंगत सोडल्या तरी पुरतात.

५. दगडावर आणि लाकडावर झाड बसवणं

सगळ्यात जास्त झाडं याच पायरीला मरतात, म्हणून ही सावकाश वाचा.

अ‍ॅनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड वाळूत गाडायचं नाही. खोडाभोवती पाणी खेळतं राहिलं पाहिजे. मुळं वाळूत गेली तर चालतील, खोड वरच राहिलं पाहिजे.

दोऱ्याने बांधायचं असेल तर: मुळं कात्रीने बोटाच्या दोन पेरांएवढी ठेवा. खोड दगडाच्या खाचेत आडवं ठेवा. दोरा खोडावरून आणि दगडाखालून चार-पाच वेढे घ्या, प्रत्येक वेढा दोन पानांच्या मधून. खोड हलणार नाही इतपत घट्ट, पण दोरा रुतता कामा नये. सुती दोरा काही महिन्यांत कुजून पडतो, तोवर मुळांनी दगड धरलेला असतो.

गोंदाने चिकटवायचं असेल तर: दगडाची ती जागा कोरडी करा. मुळांवरचं पाणी कागदी रुमालाने टिपून घ्या, पानं मात्र ओल्या फडक्यात गुंडाळलेली ठेवा. दगडावर जेलचे डाळीच्या दाण्याएवढे दोन-तीन ठिपके द्या. त्यावर मुळं टेकवा, खोडाला गोंद शक्यतो लागू देऊ नका. अर्धा मिनिट धरून ठेवा आणि दगड हळूच पाण्यात उतरवा. गोंद पांढरा पडतो, तो पुढे मुळांखाली झाकला जातो. पातळ गोंद वापरू नका, तो बोटांवर ओघळतो. आणि हे काम करताना सुती हातमोजे घालू नका. हा गोंद कापसाला लागला की एकदम तापतो, बोट भाजू शकतं.

कोणतं झाड कुठे? अ‍ॅनुबियास टाकीच्या खालच्या अर्ध्या भागात, लाकडाच्या किंवा उंच पानांच्या सावलीत. दिव्याच्या अगदी जवळ बसवलं की त्याच्या पानावर शेवाळ आलंच समजा. जावा फर्न फिल्टरच्या धारेच्या वाटेत, पण थेट तडाख्यात नको. मॉस लाकडावर पातळ पसरा. जाड गठ्ठा बांधला तर खालची मॉस तपकिरी होऊन सुटते.

६. क्रिप्ट रोवणं

लांब मुळं इंचभर ठेवून छाटा. जुडीतली रोपं सुटी करा आणि दोन-दोन इंचांवर चिमट्याने रोवा. चिमट्यात मुळं धरून तिरकं खोचायचं, थोडं वर ओढायचं. पानं जिथून फुटतात तो गाभा वाळूच्या वर दिसला पाहिजे. दर चार-पाच रोपांच्या मध्ये मुळांसाठीची खताची एक गोळी वाळूत तळाशी ढकला. वाळूत स्वतःचं काही अन्न नसतं आणि क्रिप्ट तर मुळांनीच जेवतं. गोळी दर तीन महिन्यांनी नवी.

जागा आधी नीट ठरवा. एकदा रोवल्यावर क्रिप्ट उपटून दुसरीकडे लावायचं नाही, त्याला ते अजिबात मानवत नाही.

७. प्रकाश

दिवसाला सहा तास. टायमर दुपारी तीन ते रात्री नऊ असा लावला की घरी असताना टाकी उजळलेली दिसते. दोन महिन्यांनी सगळं ठीक वाटलं तर सात तास करा. त्यापुढे मी कधी गेले नाही.

झाडं वाढत नाहीत म्हणून दिवा वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. पण अ‍ॅनुबियासचं पान दोन-तीन वर्षं त्याच जागी राहणार असतं. भराभर वाढणाऱ्या झाडाचं पान शेवाळलं तर ते कापून टाकता येतं, आठवड्यात नवं येतं. इथे एक पान गमावणं म्हणजे महिन्याभराची वाढ गमावणं. म्हणून कमी प्रकाशात पान हळू येऊ दे, पण स्वच्छ राहू दे. दिवा फार तेज असेल तर तो टाकीपासून चार-सहा इंच उंच टांगा.

८. पहिले तीन महिने काय दिसेल

रोपवाटिकेत ही झाडं बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. टाकीत आल्यावर जुनी पानं हवेतली आणि परिस्थिती पाण्याखालची, त्यामुळे जुनी पानं पडून नवी येणं स्वाभाविक आहे.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते क्रिप्ट. आठ-दहा दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होतात, मग चिकट लगदा होऊन गळतात. कधी सगळीच जातात, नुसती वाळू उरते. उपटू नका. गळलेली पानं कात्रीने कापून काढा, म्हणजे पाणी नासणार नाही, आणि मुळांना हात लावू नका. दोन ते चार आठवड्यांत वाळूतून सुईसारखं तपकिरी-हिरवं टोक वर येईल. ते पान पाण्याखालचं असेल आणि टिकेल. पुढेही पाण्यात, प्रकाशात, तापमानात एकदम मोठा बदल झाला की क्रिप्ट पुन्हा पानं टाकू शकतं, तेव्हाही हेच करायचं.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी धूळ बसते. बोटाने पुसली की निघते. नव्या टाकीत ती येते आणि महिन्या-दीड महिन्यात कमी होते.

अ‍ॅनुबियास तर महिनाभर जसंच्या तसं दिसतं. एका सकाळी खोडाच्या टोकाला पोपटी रंगाची बारीक गुंडाळी दिसेल, केळीच्या सुरळीसारखी, पण तांदळाच्या दाण्याएवढी. आठवडाभर ती तशीच असते. मग एका कडेने उलगडते, आतलं पान इतकं पातळ आणि फिकं असतं की पलीकडचा दिवा त्यातून दिसतो. हळूहळू ते गडद आणि जाड होतं. पहिलं पान पूर्ण उघडेपर्यंत दगड हलवू नका, दोरा पुन्हा बांधू नका.

९. दर आठवड्याचं काम

चौथा हिस्सा पाणी काढून तेवढंच क्लोरीन घालवलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरा. काढलेलं पाणी तुळशीला, कुंड्यांना घाला. झाडं त्यावर खूश असतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर इतक्या आठवड्यांत जमलेले जिवाणू क्लोरीनने मरतील.

द्रवखत बाटलीवरच्या मापाच्या निम्मं, आठवड्यातून एकदा. जावा फर्नच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडून कडा पिवळ्या होत असतील, तर बहुधा पोटॅशियम कमी पडतंय. नवी पानंच फिकी येत असतील तर लोह. खत बदललंत तर परिणाम जुन्या पानांवर शोधू नका, पुढच्या दोन पानांवर बघा, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. एका वेळी एकच बदल करा. दिवा, खत आणि पाणी तिन्ही एकाच रविवारी बदललं तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

१०. शेवाळ आलंच तर

अ‍ॅनुबियासच्या पानाच्या कडेला काळ्या दाढीसारखे आखूड, दाट केस दिसले, तर ते काळं शेवाळ. बोटाने निघत नाही. झाड दगडावर लावण्याचा इथे मोठा फायदा होतो: दगडासकट बाहेर काढता येतं. औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा आणि बाटलीवरची टक्केवारी वाचा. आपल्याकडे बहुधा ६ टक्क्यांची मिळते, तिच्यात तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. मऊ ब्रशने फक्त शेवाळावर लावा, खोड आणि मॉस सोडून. तीन-चार मिनिटांनी स्वच्छ पाण्यात खळबळून परत ठेवा. दोन-तीन दिवसांत ते केस गुलाबी-लाल होतात आणि मग मासे, गोगलगाई ते खातात. हातमोजे घाला, डोळे जपा.

पण हे वरवरचं काम झालं. दिव्याचा एक तास कमी करा, माशांचं खाद्य कमी करा, फिल्टरची धार अडली आहे का बघा. शेवाळ परत आलं तर कारण बहुधा या तिघांतलंच असतं.

११. उन्हाळा आणि वीज

या झाडांना २२ ते २८ अंश सोयीचं. एप्रिल-मेमध्ये आमच्या पुण्याच्या घरात पाणी ३१ पर्यंत जातं, विदर्भात त्याहून वर. टाकीचं झाकण काढून पाण्यावरून छोटा पंखा फिरवला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा उपाय कमी चालतो. तिथे दिव्याचे तास कमी करा आणि पाणी थोडं-थोडं, जास्त वेळा बदला. बर्फ टाकू नका, तापमान एकदम उतरलं की क्रिप्ट पानं टाकतं आणि मासेही आजारी पडतात.

वीज गेली तर झाडांना काही होत नाही, एक-दोन दिवस अंधार त्यांना चालतो. माशांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना मात्र प्राणवायू लागतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या.

१२. मासे

शांत, लहान मासे निवडा. झेब्रा डॅनिओ, छोटे रासबोरा, गप्पी यातलं काहीही चालेल. दोन फुटी टाकीत आठ-दहाच, तेही दोन खेपांत. नेराइट गोगलगाई आणि चेरी कोळंबी पानं खात नाहीत, पानांवरचं शेवाळ मात्र चाटून काढतात. गोल्डफिश अ‍ॅनुबियासचं जाड पान सहसा खात नाही, पण वाळू उकरून क्रिप्ट उपटतो. शिवाय एवढी टाकी त्याला पुरत नाही.

१३. वाढलेलं झाड वाटताना

वर्ष-दीड वर्षाने अ‍ॅनुबियासचं खोड लांबतं. धारदार, स्वच्छ पात्याने ते मधून कापा, दोन्ही तुकड्यांना निदान चार-चार पानं आणि थोडी मुळं राहतील असं बघा. मागच्या तुकड्यालाही नवे डोळे फुटतात, तो फेकू नका. जावा फर्नच्या पानावरचं पिल्लू दोन इंचांचं झालं की अलगद खुडून दुसऱ्या दगडाला बांधा. क्रिप्टच्या धुमाऱ्यांतून आलेली रोपं कडेकडेची काढा, मधलं जुनं झाड राहू द्या.

छाटलेलं काहीही नदीत, ओढ्यात, तळ्यात टाकू नका. विशेषतः वर तरंगणारी झाडं. जलपर्णीने मुळा-मुठा आणि पवनेचं काय केलं आहे ते दरवर्षी दिसतंच. नको असलेल्या काड्या उन्हात पूर्ण वाळवा आणि मग कुंडीच्या खतात घाला.

आणि कोणाला तुकडा द्याल तेव्हा तो दगडावर चिकटवूनच द्या. नुसता दिला तर तो घरी जाऊन वाळूत रोवतील.